मावशींची सासू

डोंबिवलीत फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाला बिल्डरचा पोऱ्या हॉल दाखवतो, खिडकीतला वारा दाखवतो आणि स्टेशन किती मिनिटांवर आहे याबद्दल निर्लज्जपणे खोटं बोलतो. मावशींची घर बघायची रीत वेगळी. चपला दाराबाहेर काढून त्या सरळ न्हाणीघरात जातात, पाट मागवतात, त्यावर बसतात आणि दोन्ही पाय समोर लांब करतात. टाचा कुठवर पोचतात त्यावर घराचा दर्जा ठरतो. आमच्याकडे त्या मध्येच अडल्या. समोर कमोड होता.

"घर झ्याक हाय आजोबा," त्या म्हणाल्या, "पर लेकरं न्हाऊ घालायला न्हाय बांधलेलं."

ज्या घराचे हप्ते फेडता फेडता माझे केस गेले, त्या घराचा निकाल असा एका वाक्यात लागला. बरं, उलट बोलायची सोय नव्हती. लेकीला सातवा लागला तेव्हाच आमच्या हिने मावशींकडे नंबर लावला होता, आणि तरीसुद्धा "बगते, जमलं तर" एवढंच आश्वासन मिळालं होतं. डॉक्टर बदलता येतो, दवाखाना बदलता येतो, प्रसंगी जावईदेखील समजून घेता येतो. पण न्हाऊ घालणारी चांगली बाई ऐनवेळी मिळत नाही हे डोंबिवली पूर्वेत शेंबडं पोरही सांगेल. सांगेलच. त्यालाही मावशींनीच न्हाऊ घातलेलं असतं.

मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या, खटावच्या. वय सत्तरीत. नऊवारी, मनगटावर गोंदण, कमरेला पिशवी आणि पिशवीत मोबाईल. गुडघे बदलायला सांगितलेत, पण "आदी बुक झाल्याली पोरं उरकते, मंग बगू" असं म्हणून त्यांनी ते ऑपरेशन पुढे ढकललं आहे; आणि डोंबिवलीची लोकसंख्या पाहता ते कधी होईल असं वाटत नाही. माणसं त्या नावाने ओळखत नाहीत. कोणाच्याही ओळखीची सुरुवात त्याच्या टकुऱ्यापासून होते. भाजी आणायला माझ्याबरोबर खाली उतरल्या की येणाऱ्याजाणाऱ्याकडे बोट करतात: "ह्ये बगा, ह्याचं टकुरं लई लांबुळकं हुतं." तो बिचारा बँकेत अधिकारी असतो, खांद्याला लॅपटॉप असतो, शेजारी बायको असते. मावशींना त्याचं काही नसतं. गावातली सगळी सरळ नाकं त्यांनी ओढून सरळ केली आहेत. नकटी राहिलेली नाकं दुसऱ्या बाईच्या हातची.

बाळ घरी येतं तेव्हा घरातल्या माणसांची पत नव्याने ठरते. निवृत्तीपर्यंत मी बँकेच्या ज्या शाखेत व्यवस्थापक होतो तिथे माझ्या सहीशिवाय पान हलत नसे. इथे माझ्याकडे बादल्यांचं खातं आलं. गरम पाण्याची एक, गार पाण्याची एक, आणि खांद्यावर पंचा. जावईबापूंकडे मात्र आपसूकच नियोजन गेलं. ते हिंजवडीत संगणकात काहीतरी करतात; काय ते मला कळत नाही आणि विचारलं तर त्यांनाही पटकन सांगता येत नाही. रजा काढून आले ते सोबत एक तक्ता घेऊनच. तक्त्याचं नाव "बाळ_आंघोळ_अंतिम_२". त्यात रकाने होते: वेळ, पाण्याचं तापमान, खोलीचं तापमान, साबण, शेरा. शेवटचा रकाना "स्रोत". म्हणजे ही माहिती कुठून मिळाली ते. पहिल्या दिवशी त्या रकान्यात सगळीकडे "डॉक्टर" असं लिहिलेलं होतं. हे नीट लक्षात ठेवा.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं की जन्मल्यावर निदान 24 तास तरी आंघोळ घालायची नसते. जागतिक आरोग्य संघटना तेच म्हणते. अंगावरचा तो पांढरा चिकट थर घासून काढायचा नाही, तो बाळाच्या कातडीच्या उपयोगाचा असतो. आणि नाळ सुकून पडेपर्यंत टबात किंवा पायावर घेऊन अंगभर पाणी ओतायचं नाही. ओल्या मऊ फडक्याने अंग पुसायचं, डोकं वेगळं धुवायचं, नाळेची जागा कोरडी ठेवायची. नाळ पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

ऐकून आमच्या हिचं धाबं दणाणलं. कारण आदल्याच दिवशी फोनवर मावशींनी फर्मावलं होतं, "घरी आनल्याबरुबर चांगलं ऊन ऊन पान्यानं न्हाऊ घालू, दवाखान्याचं समदं निघालं पायजे." आता यांना नाही कसं सांगायचं? जावई म्हणाले, मी तक्ता दाखवतो. लेक म्हणाली, तू गप्प बस. शेवटी हिने चहा पुढे करत, आवाजात शक्य तितकं लोणी घालून डॉक्टरीणबाईंचा निरोप सांगितला.

मावशींनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. प्याल्या. मग म्हणाल्या, "मंग? म्या काय सांगाया लागले? नाळ पडूस्तवर माझी सासू लेकराला पानी शिवू द्यायची न्हाय."

सासूचा आमच्या घरात प्रवेश झाला तो असा.

दुसऱ्याच दिवशी बाथरूमचा प्रश्न सोडवण्यात आला. पाट निम्मा दारात आणि निम्मा पॅसेजमध्ये, मावशी तिरक्या, पाय कमोडला वळसा घालून आत. नाळ पडल्यावर बाळ पायावर घ्यायचं ते असं, आणि तोवर पुसापुशीलाही बैठक हीच. तेवढा वेळ घरातली रहदारी बंद. पॅसेजमध्येच दुसऱ्या संडासाचं दार उघडतं. आत जो असेल तो बाळाचं टोपडं बांधून होईपर्यंत आत. जावई एकदा ऑफिसची मीटिंग सुरू व्हायच्या तोंडावर अडकले. आतूनच त्यांनी मीटिंग उरकली. बाहेर मावशी बाळाशी बोलत होत्या, "कोन रडतंय? कोन रडतंय माझं सोनं?" आणि पुण्यातला त्यांचा साहेब विचारत होता की हे कोणाबद्दल चाललंय.

पाण्याच्या उष्णतेवरून पहिली चकमक झडली. जावयांनी पाण्यात तरंगणारा थर्मामीटर आणला होता, पिवळ्या बदकाच्या आकाराचा. बदकाच्या पोटावर आकडे उमटत. हवे होते 37, फार तर 38. मी घाईघाईने आधी गरम ओतायला निघालो तर मावशी खेकसल्या, "आदी गार! मंग ऊन. उलटं केलंसा नि हात सुटला तर?" हे मात्र अगदी खरं. गार पाणी आधी आणि गरम त्यावर, हा नियम कुठलाही डॉक्टर सांगेल. गीझरचं पाणी चटका देण्याइतकं तापतं आणि बाळाची कातडी पातळ. नळाखाली किंवा हँडशॉवरखाली बाळाला धरायचं नाही तेही म्हणूनच. वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की आपल्याकडचं कोमट पाणी क्षणात कढत होतं, हे सोसायटीत राहणाऱ्याला काय सांगायचं.

मग मावशींनी पदर खोचला, कोपर बुडवलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "झालं." जावयांनी बदक सोडलं. बदक गोल फिरलं, विचारात पडलं आणि 37 वर थांबलं. सगळे मावशींकडे पाहू लागले. मावशी बदकाकडे पाहत होत्या. "बराबर दावतंय," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून रोज आधी कोपर आणि मग बदक. बदकाचं कधी चुकलं की मावशी त्याला झटकून पुन्हा पाण्यात सोडत. कोपर झटकायची वेळ आली नाही.

आता मुख्य कार्यक्रम: डोकं. अंग पुसणं कोणालाही जमतं, पण नवजात बाळाचं डोकं धुणं म्हटलं की भल्याभल्यांच्या हाताला कंप सुटतो. मान धरत नाही, टाळू लबलब करते, साबण लागला की हातातून निसटेल असं वाटतं. आमची लेक इमारतीचे आराखडे काढते, तिच्या सहीवर कॉलमची जाडी ठरते. पण पोटच्या पोराच्या डोक्यावर तांब्या धरायची वेळ आली की ती डोळे मिटून घ्यायची. आणि डोळे मिटून करायच्या गोष्टींच्या यादीत हे येत नाही.

मावशींचा हात मात्र बघत राहावा. बाळाला त्या पंच्यात गच्च गुंडाळत. हातपाय आत, बाहेर नुसतं डोकं. म्हणजे अंग उबेत राहतं आणि बाळ दचकून हात फेकत नाही. मग डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत बाळाची पाठ, तळव्यावर मान आणि डोक्याची मागची बाजू, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे, आणि बाळाचे पाय स्वतःच्या काखेकडे. घागर घेतल्यासारखं नाही, अलगद. पण निसटणं अशक्य. त्याआधी हाताचं तेल पुसून घेत. "तेलकट हातानं लेकरू उचलू नये," हे एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून सासूचा हवाला न देता ऐकलं.

चेहरा आधीच साध्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांनी पुसून झालेला असे. डोळे नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मग छोट्या गडूने पाणी कपाळाच्या वरून मागे सोडायचं, कपाळावर हात आडवा, म्हणजे थेंब डोळ्यांत उतरत नाही. साबणाचे दोन थेंब बाळाच्या डोक्यावर थेट पडत नसत. आधी मावशींच्या तळव्यावर, तिथे फेस, मग केसांवर. नखं कापलेली. बोटांच्या पेरांनी गोल गोल, टाळूवरूनसुद्धा, न बिचकता. परत गडू. लगेच कोरडा पंचा, घासायचं नाही, टिपायचं. कानामागे, मानेच्या वळीत, जिथे ओघळलेलं दूध साचून आंबतं तिथे. मी भरलेला दुसरा गडू पुढे करेपर्यंत सगळं आटपलेलं. बाळाला रडायचं लक्षात यायच्या आत.

जावयांनी हे मोबाईलवर टिपून घ्यायचा प्रयत्न केला. चित्रफितीत दिसतो तो मावशींचा खांदा आणि माझी बादली.

या कलेत सुरुवातीला एक खोट होती. मावशींच्या पद्धतीत डोकं आधी, अंग नंतर. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं उलट होतं. नवजात बाळाच्या लांबीचा चौथा हिस्सा डोकं असतं. ते ओलं राहिलं तर बाळ झपाट्याने गार पडतं. म्हणून डोकं शेवटी धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. शिवाय केस रोज धुवायची गरज नाही, आठवड्यातून दोनतीनदा पुरे. साबण सौम्य आणि बिनवासाचा. शिकेकाई, रिठा, डाळीचं पीठ यांतलं काही नको, डोळ्यांना आणि कातडीला त्रास होतो.

लेकीने हे सगळं एका दमात सांगितलं. मावशी काहीच बोलल्या नाहीत. घरात तणाव. ही मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, उद्या येणार नाहीत बघा. दुसऱ्या दिवशी त्या ठरल्या वेळी आल्या, पिशवीतली शिकेकाईची पुडी काढून माझ्या हातात दिली, "आजीबाईंच्या केसास्नी लावा" म्हणाल्या, आणि पाटावर बसत जाहीर केलं, "टकुरं शेवटाला. माझी सासू आसंच करायची."

"आणि साबण?" जावयांनी न राहवून विचारलं.

"बिनवासाचा. सासूला वासाचा चालायचा न्हाय."

जावयांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बादलीत पाहिलं.

या सासूबाईंबद्दल मी हळूहळू माहिती गोळा केली. बाई 1972च्या दुष्काळात वारल्या. मावशींचं लग्न त्याच्या आदल्या वर्षीचं. म्हणजे हे अफाट ज्ञान एका सुनेने एका सासूकडून वर्षभरात घेतलं; तेही अशा वर्षात जेव्हा पावसाने दगा दिला होता, माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती आणि बाळाला सोडा, जनावराला पाणी नव्हतं. त्या माउलीने बिनवासाचा साबण कुठे पाहिला असेल हा प्रश्न माझ्या मनात आला. तो मी विचारला नाही. बँकेत असताना एक गोष्ट मी शिकलो होतो: कागद स्वच्छ असले आणि हप्ता वेळेवर येत असला की कर्जदाराच्या पूर्वजांची चौकशी करू नये.

आणि चौकशी करून काय मिळणार होतं? आपल्याकडे नवी गोष्ट घरात यायची म्हणजे तिला कोणाची तरी सासू व्हावं लागतं. पुस्तकातली म्हणून आली तर तिला दारातच उभी करतात. मावशींना डॉक्टरांचं सांगणं पटत होतं, नाही असं नाही. त्या लक्ष देऊन ऐकत, आणि रात्रभरात ते पचवून सकाळी हातात उतरवत. फक्त सही सासूची असे. शिकलेल्यांच्या घरात जन्म काढलेल्या माझ्यासारख्याने सांगावं, नवं ऐकून चोवीस तासांत आपला हात बदलणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. साहेब लोक तर परिपत्रक आल्यावरही वर्षभर जुन्याच फॉर्मवर सह्या घेत.

टाळूवरून मात्र खरं रण माजलं, आणि ते मावशींनी पेटवलेलं नव्हतं. आमच्या हिने पेटवलं. टाळू भरायची, म्हणजे वाटीतलं तेल टाळूच्या खळग्यात ओतायचं आणि ते जिरेपर्यंत थापत बसायचं, ही हिच्या माहेरची रीत. तेलाशिवाय टाळू भरत नाही आणि टाळू न भरलेली माणसं पुढे काय होतात, याचं उदाहरण म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. लेक म्हणाली, डॉक्टर नको म्हणतात. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली फट. तिच्यावर जाड चिवट पडदा असतो. मागची टाळू दोनेक महिन्यांत मिटते, पुढची साधारण वर्ष-दीड वर्षात, काहींची दोन वर्षांपर्यंत. हाडं वाढतात म्हणून मिटते. तेलाने काही भरत नाही. हलक्या हाताने धुतल्याने तिला काही होतही नाही; उलट भीतीने लोक तेवढीच जागा सोडून धुतात आणि नेमक्या तिथेच पिवळ्या खपल्या धरतात.

ही हार मानणाऱ्यातली नव्हे. तिच्या माहेरी एक वैद्य होते. तिने त्यांना फोन लावला आणि विजयी मुद्रेने परतली: चरकसंहितेत, शारीरस्थानात, जन्मलेल्या बाळाच्या टाळूवर तेलात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवायला सांगितलं आहे! एका बाजूला चरक, दुसऱ्या बाजूला बालरोगतज्ज्ञ. मध्ये जावई, ज्यांना सासूशी वाद घालायची परवानगी नाही आणि बायकोशी घालायची हिंमत नाही. त्यांनी तक्त्यात "टाळू" असा नवा रकाना उघडला आणि तो कोरा ठेवला.

निवाडा मावशींकडे गेला. त्यांच्या पिशवीत तेलाची वाटी होती, मी स्वतः पाहिली होती. चांगली खोलगट, पितळी. म्हणजे कौल हिच्याच बाजूने लागणार. मावशींनी बाळाच्या टाळूवर दोन बोटं अलगद टेकवली. टाळू उडत होती, नाडीच्या ठोक्यागत, तशी ती उडतेच.

"आजीबाई," त्या म्हणाल्या, "टाळू हाय ही, पनती न्हाय. तेल वतून काय दिवा लावायचाय? येवढंसं बोट लावा, खपली मऊ करा, नि धुवून काडा."

"पण चरकाने सांगितलंय," ही म्हणाली.

"त्येंनी बोळा सांगितला ना? वाटी कुटं सांगितली?"

मी बँकेत नामांकित वकील पाहिले आहेत. कलमाचा असा अर्थ लावणारा एकही नव्हता. वर त्यांनी एक गोष्ट जोडली, आणि ती डॉक्टरीणबाईंनीही सांगितली होती: टाळू खोल गेली किंवा रडत नसतानाही फुगून वर आली, तर तेलपाणी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. "सासू म्हनायची, टाळू बोलती."

खपल्या आल्याच, पुष्कळ बाळांना येतात. धुवायच्या आधी थोडं खोबरेल, थोडा वेळ थांबायचं, मऊ ब्रशने हळूच सैल करायच्या आणि तेलासकट धुवून टाकायच्या. नखाने उचकटायच्या नाहीत. लेकीला मोह आवरत नसे. मावशी तिच्या हातावर चापट मारत. पुढे डोक्याच्या मागचे केस झडून बाळाला चांगलं वाटोळं टक्कल पडलं तेव्हा लेक रडकुंडीला आली. मावशींनी तिला माझ्यासमोर उभं केलं. "ह्येंचं गेलं ते गेलं. ह्याचं गर्भातलं केस जात्यात, नवं येत्यात. दोगांत फरक हाय का न्हाय?" मला वाटतं, त्या दिवसात लेक प्रथमच मनापासून हसली. माझा उपयोग झाला.

डोक्याच्या आकारावरूनही असंच झालं. जन्मताना बाळाचं डोकं दाबलं जाऊन किंचित लांबट झालं होतं. मावशींचे हात शिवशिवत होते. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं की दाबायचं नाही, काही दिवसांत आपोआप गोल होतं. मावशींनी खरोखरच दाबलं नाही. मला त्यांचे तळवे बाळाच्या डोक्याभोवती येऊन हवेतच थांबलेले दिसले आहेत. डोकं गोल झालं. "बगा," मावशी शेजारणीला सांगत होत्या, "निस्त्या पान्यानं गोल केलं."

धुरीचा प्रश्न सर्वांत कठीण जाईल असं वाटलं होतं. न्हाऊ घातल्यावर शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, धूप, आणि त्या धुरावर बाळ धरायचं, याशिवाय मावशींच्या मते न्हाणं पुरं होत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याची फुप्फुसं अजून कोवळी आहेत, धूर अजिबात नको. नाकाकानात तेलाचे थेंब नकोत, नाकात फुंकर नको, डोळ्यांत काजळ नको. एकाच दिवशी चार फर्मानं. मावशींचा चेहरा त्या दिवशी उतरला. काम सोडतील की काय असं मलाही वाटलं. त्या गॅलरीत जाऊन जरा वेळ बसल्या, मोबाईलवरून गावाकडे कोणाशी तरी बोलल्या. सकाळी आल्या त्या शेगडीसकट. ती त्यांनी गॅलरीत मांडली, खोलीचं दार लावून घेतलं आणि ओवा टाकला.

"ही कोणाला?" हिने विचारलं.

"डासांस्नी. धुरी घराला आसती, लेकराला न्हाय. आन् काजळाचा टिक्का तळपायाला. माझ्या सासूनं..."

"कळलं," जावई म्हणाले आणि लिहायला लागले.

मीठमोहऱ्या मात्र त्यांनी कोणालाही न विचारता ओवाळल्या, आणि त्याबद्दल डॉक्टरीणबाईंना विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

लेकीचा हात बसायला वेळ लागला. मावशींनी तिला आधी कोरडी शिकवणी दिली, बाळाऐवजी गुंडाळलेली चादर हातात. मग नुसतं धरायला. मग पाणी मावशींचं, हात तिचा. मग हात आणि पाणी दोन्ही तिचं आणि मावशी शेजारी तोंडाला पदर लावून गप्प. हे गप्प बसणं त्यांना किती जड जात असेल ते मी समजू शकतो. एकदा ऐन फेसात दाराची बेल वाजली आणि लेक सवयीने उठायला निघाली. मावशींनी तिचा खांदा दाबून खाली बसवलं. "वाजू दे. कलेक्टर आसला तरी उबा ऱ्हाऊ दे. पान्यापाशी लेकरू सोडायचं न्हाय, डोळ्याची पापनी लवंस्तवर बी न्हाय." टबात दोनतीन इंचच पाणी होतं, तेवढंही बाळाला पुरतं. दाराबाहेर मीच होतो, किल्ली विसरलेला.

मावशींचं काम संपलं तेव्हा त्यांना साडी दिली, ठरलेले पैसे दिले आणि वर थोडे दिले. त्यांनी नोटा मोजल्या, साडीचा पोत चिमटीत धरून पाहिला, बाळाचं नाक एकदा शेवटचं चिमटीत धरलं (तेवढं आम्ही चालवून घेतलं) आणि पुढच्या गल्लीत, जुळ्यांकडे निघून गेल्या. जुळी म्हणजे त्यांच्यासाठी पाय लांब करायला आणखी मोठी जागा हवी. त्या घराचं काय होणार या विचाराने मला थोडं बरं वाटलं.

सहा आठवड्यांच्या लसीसाठी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. जावई मुद्दाम पुण्याहून आले होते, तक्त्याची प्रत काढून. डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, डोक्यावरून बोटं फिरवली, कानामागे बघितलं, मानेची वळी उघडून बघितली.

"डोकं छान स्वच्छ ठेवलंय. टाळूवर तेल ओतत नाही ना?"

"नाही," लेक म्हणाली.

"नाकाकानात? धुरी?"

"छे. त्यांना ते मुळीच चालत नसे."

"कोणाला?"

जावयांनी तक्ता पुढे केला. मी खांद्यावरून डोकावलो. स्रोताच्या रकान्यात वरच्या दोनतीन ओळींत "डॉक्टर" होतं. ते खोडलेलं होतं. तिथून खालपर्यंत, ओळीने, एकच नोंद होती: "मावशींची सासू".

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला, तो कागद वाचला आणि बाहेरच्या नर्सला हाक मारली.

"अगं, सकाळपासून या सासूबाईंचे किती पेशंट झाले?"

"हे चौथं, मॅडम."

"एकदा घेऊन या त्यांना," डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या. "इथेच बसवू. माझं तर कोणी ऐकत नाही."

जावयांनी खाकरून घसा साफ केला. त्या बहात्तर साली गेल्या हे आता कोणी सांगायचं, म्हणून ते माझ्याकडे बघत होते. मी बाळाचं टोपडं बांधायला घेतलं.